लाल पेन सगळ्यात शेवटी: शाळेत आणि कार्यालयात लेखन शिकवण्याचा क्रम

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या शाळांत पाचवी ते दहावीला मराठी शिकवणारे. दुसरे, ग्रामपंचायत, विकासो (गावची विविध कार्यकारी सोसायटी), पतसंस्था, जिनिंग, केळीचा ग्रुप अशा ठिकाणी ज्यांच्या टेबलावर रोज दोन-चार पत्रं लिहिली जातात आणि ज्यांना हाताखालच्या माणसाकडून ती लिहून घ्यावी लागतात.

दोघांची तक्रार एकच: इतक्यांदा सांगितलं तरी लिहिणं काही सुधारत नाही. मेहनत कमी पडते असं मला वाटत नाही. क्रम चुकतो. विषय फळ्यावर लिहायचा, "चला, लिहा" म्हणायचं, वह्या गोळा करायच्या, ऱ्हस्व-दीर्घाभोवती लाल गोल काढायचे, सही, तारीख, पुढचा विषय. यात लेखनाची परीक्षा आहे, तीही दर आठवड्याला. शिकवणं कुठेच आलं नाही. कार्यालयातही तेच होतं. खर्डा साहेबांकडे जातो, दोन शब्द बदलून परत येतो, लिपिक ते दोन शब्द बदलतो आणि पुढच्या पत्रात पुन्हा तेच लिहितो.

खालच्या पायऱ्या क्रमाने करा. एखादी आखूड करता येत असेल तर त्या जागी तसं सांगितलं आहे.

तयारी: पहिल्या तासाआधी

एका सत्रात दहा-बारा निबंध उरकण्यापेक्षा चारच लेखनप्रकार घ्या आणि प्रत्येक तीनदा लिहून घ्या. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती बाळगू नका. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा असं बरंच काही आहे, पण वाचणारा ओळखणं, माहिती निवडणं आणि तिचा क्रम लावणं ही कामं सगळीकडे तीच आहेत. एका प्रकारात ती नीट जमली की पुढच्या प्रकाराला निम्मा वेळ पुरतो.

वहीचं डावं पान कोरं ठेवायला सांगा. खर्डा उजवीकडे, बदल डावीकडे. खोडून पुन्हा त्याच जागी लिहिलं की आधी काय होतं ते दिसत नाही, आणि मग काय सुधारलं तेही दिसत नाही. संगणकावर काम असेल तर खर्डा १, खर्डा २ अशा वेगळ्या फायली ठेवा.

एका लेखनाला तीन तासिका धरा. पहिलीत पायरी १ ते ४, दुसरीत खर्डा आणि जोडीतलं वाचन, तिसरीत पुनर्लेखन आणि शुद्धलेखन.

तपासणीचं गणितही आधीच मांडा. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक फेरीला साठ वह्या बघायच्या ठरवल्या तर दुसऱ्या आठवड्यातच सगळं बंद पडतं. एका फेरीला हजेरीपटाप्रमाणे पंधरा वह्या नीट बघा, बाकीच्या जोडीदार बघतील. चार फेऱ्यांत प्रत्येक मूल तुमच्या हाताखालून जातं.

आता विषय. "शेतकऱ्याचे मनोगत" दिलं की गाईडातून "होय, मीच तो जगाचा पोशिंदा" उतरून येतं, आणि ते उतरवणारं पोरगं दिवाळीच्या सुट्टीत स्वतः कापूस वेचून आलेलं असतं. त्याच्याकडे जे आहे ते विचारा: कापूस वेचायला गेलो तो दिवस, आमच्या घरचे कानबाई देवीचे रोट, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा कसा पारखतात, भरीत कसं करतात.

> तपासा: हा विषय मुलाने स्वतः पाहिला, केला किंवा भोगला आहे का? उत्तर "नाही" असेल तर विषय बदला. गाईड बंद ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

पायरी १: वाचणार कोण, आणि वाचून त्याने काय करायचं

पानाच्या डोक्यावर एक ओळ भरून घ्या: "हे … वाचणार आहेत आणि वाचून त्यांनी … करायचं आहे." पुण्याच्या मावसबहिणीने वाचून घरी भरीत करायचं आहे. वीज कंपनीच्या उपअभियंत्यांनी वाचून शिवारातली डीपी (विजेचं रोहित्र) बदलायची आहे. ही ओळ भरता येत नसेल तर लिहायला बसू देऊ नका.

कार्यालयात ही पायरी कधीच गाळू नका. "योग्य ती कार्यवाही व्हावी" हे वाक्य बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच काय हवं ते ठरलेलं नसतं म्हणून येतं.

पायरी २: माल जमवणं

अजून वाक्यं नाहीत. फक्त टिपणं, एका ओळीत एक गोष्ट. पाहिलं काय, ऐकलं काय, हाताला काय लागलं, किती होतं, कोण काय म्हणालं. पंधरा ओळी होईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या पाच-सहा ओळी सगळ्यांच्या सारख्याच येतात. कामाचं सापडतं ते दहाव्या ओळीच्या पुढे.

"खूप", "छान", "सुंदर", "मजा" हे चार शब्द टिपणांत चालणार नाहीत असं जाहीर करा. मुलं आधी कुरकुरतात. मग "खूप गर्दी होती" ऐवजी "सायकल हातात धरून चालावं लागलं" असं यायला लागतं.

कार्यालयीन पत्रासाठी टिपणं म्हणजे कागद: तारखा, क्रमांक, रकमा, आधीच्या पत्रांचे संदर्भ. हे समोर नसताना पत्राला हात घालू नका. "बऱ्याच दिवसांपासून" आणि "वारंवार" हे शब्द येतात ते तारीख शोधायचा कंटाळा केला म्हणून.

> इशारा: मोबाईलवरून तयार उत्तर आणणारे आता शाळेतही आहेत आणि कार्यालयातही. ओरडण्यात वेळ घालवू नका. पंधरा टिपणं वहीत हाताने लिहिलेली नसतील तर खर्डा बघायचाच नाही, एवढा नियम पुरतो.

पायरी ३: आधी बोलून घ्या, घरच्या बोलीत

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि खान्देशात तिचीच सगळ्यात जास्त गरज आहे. धुळे, अमळनेर, पारोळा, शिंदखेडा पट्ट्यातलं मूल घरी अहिराणी बोलतं. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली. धडगाव, अक्कलकुव्यात भिली किंवा पावरी, आणि तिथे तर प्रमाण मराठी ही दुसरी भाषाच असते. अशा मुलाला एकाच वेळी काय सांगायचं आणि कोणत्या भाषेत सांगायचं ही दोन्ही ओझी दिली की ते सांगणं टाकून देतं. दीड ओळ लिहून बसून राहतं.

मुलांना जोडीने बसवा. एकाने टिपणं समोर ठेवून तीन मिनिटं सांगायचं, घरी सांगतो तसंच. दुसऱ्याने ऐकायचं आणि जिथे कळलं नाही तिथे "मग?" किंवा "कसं काय?" एवढंच विचारायचं. नंतर अदलाबदल. वर्गात गलका होतो, होऊ द्या. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

त्यानंतर एका मुलाला पुढे बोलवा आणि त्याने सांगितलेली चार वाक्यं फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा. शेजारी तीच वाक्यं सगळ्यांनी मिळून प्रमाण मराठीत करायची. "शाळामा" शेजारी "शाळेत", "माले" शेजारी "मला". डावीकडचं पुसायचं नाही. चूक-बरोबर म्हणायचं नाही; हे घरचं, हे कागदावरचं, एवढंच. समासात "ग्राम्य भाषा" असा शेरा मारणारे शिक्षक अजून आहेत. त्या शेऱ्यानंतर मूल फक्त गाईडचीच भाषा वापरतं.

पावरी किंवा भिली तुम्हाला येत नसेल तर वरच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी मधे बसवा. संवादासाठी नव्हे, फळ्यावरच्या त्या चार वाक्यांसाठी.

मोठ्या माणसांसाठी सोपी युक्ती आहे. पत्र लिहायला अडलेल्या लिपिकाला विचारा, "साहेब समोर उभे आहेत, तोंडी काय सांगशील?" आणि तो बोलेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्याचं पत्र बहुतेक त्यातच असतं. बोलून टाईप करायची सोय प्रमाण मराठीला बऱ्यापैकी चालते, पण विरामचिन्हं हाताने घालावी लागतात. अहिराणीत बोललात तर ती भलतंच काहीतरी उमटवते. तिथे रेकॉर्डिंगच बरं.

पायरी ४: क्रम लावणं

टिपणांतल्या कामाच्या आठ-दहा गोष्टी चिठ्ठ्यांवर घ्या आणि बाकावर मांडून हलवा. क्रम शिकवायला भरीतासारखा विषय नाही, कारण क्रम चुकला की पदार्थच चुकतो. वांगी आधी टोचायची की भाजल्यावर? मिरची-लसूण वांग्याबरोबर ठेचायचा की वेगळा? कांद्याची पात फोडणीत कधी पडते? एखादी मुलगी ठामपणे सांगते की आमच्याकडे फोडणीच देत नाहीत. तिला तिचा क्रम लिहू द्या.

प्रसंगलेखनात घडलं त्याच क्रमाने लिहिण्याची सक्ती नाही. अर्जात मात्र क्रम ठरलेला ठेवा: काय हवं, कशावरून, सोबत काय जोडलं. मागणी शेवटच्या ओळीत लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. आधी स्वतःची सगळी हकीकत, मग नम्र विनंती. टेबलावर चाळीस अर्ज असलेला माणूस तिथवर पोचतच नाही. निदान विषयाच्या ओळीत तरी मागणी स्पष्ट यायला हवी: "डीपीबाबत" नको, "जळालेली डीपी बदलून मिळण्याबाबत".

पायरी ५: कच्चा खर्डा

वीस मिनिटं, एका दमात. खोडरबर दप्तरात. शब्द अडला तर घरचा शब्द लिहून खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं. शुद्धलेखनाविषयी कुणी विचारलं तर "नंतर" एवढंच उत्तर. शिक्षकाने या वेळात बाकांमधून फिरून चुका दाखवू नयेत. सवय असते, हात शिवशिवतात, म्हणून स्वतःही तोच विषय लिहायला बसा.

पायरी ६: पहिली तपासणी, फक्त आशयाची

लाल पेन अजूनही बाहेर काढायचं नाही. शिसपेन्सिलीने समासात जास्तीत जास्त दोन प्रश्न लिहा. शेरा नको, प्रश्नच. "चांगले", "अजून प्रयत्न कर", "विस्तार कर" यांनी मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. "विस्तार कर" म्हटलं की "खूप" चं "खूप खूप" होतं.

नमुना म्हणून आठवीच्या वर्गात येतो तसा एक खर्डा घेऊ:

> मी सुट्टीत कापूस वेचायला गेलो होतो. शेतात खूप छान वाटले. सगळीकडे पांढरा शुभ्र कापूस होता. आम्ही खूप मजा केली. शेतकरी खूप कष्ट करतो.

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल पेनवाल्या पद्धतीने याला दहापैकी सात मिळतील आणि मूल होतं तिथेच राहील. आता समासात दोन प्रश्न: "किती वाजता वेचायला सुरुवात केली, आणि तेव्हाच का?" "वेचलेला कापूस कशात ठेवला, शेवटी किती भरला?" दुसरा खर्डा असा काहीतरी येतो:

> दव असतं तोवर आई कापसाला हात लावू देत नाही. ओला कापूस दिसला की व्यापारी भाव पाडतो. दहाला सुरुवात केली. कमरेला जुन्या साडीची झोळी बांधली होती. बोंडांची टोकं वाळून टणक होतात, त्यांनी नखांच्या कडेला ओरखडे पडले. संध्याकाळी काट्यावर माझा अठरा किलो भरला आणि आईचा बेचाळीस. मी दुपारी दोन तास निंबाखाली झोपलो होतो ते तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटचं वाक्य कुणी मागितलेलं नव्हतं. प्रश्न नेमका असला की मूल त्याच्या पलीकडचंही सांगतं, "विस्तार कर"ला ते कधीच येत नाही.

तुमच्या पंधरा वह्या सोडून बाकीच्यांसाठी जोडीदार: एकाने दुसऱ्याचा खर्डा मोठ्याने वाचायचा, स्वतःचा नाही. वाचणारा जिथे अडखळेल तिथे लिहिणाऱ्याने फुली मारायची. कार्यालयातही हे चालतं. पत्र ज्याने लिहिलं नाही त्याला वाचायला द्या आणि विचारा, "यात आपल्याला काय करायला सांगितलंय?" उत्तर पायरी १ मधल्या ओळीशी जुळलं नाही तर पत्र तयार नाही.

> इशारा: या पायरीवर गुण देऊ नका. गुण दिले की मुलाच्या दृष्टीने काम संपलं.

पायरी ७: पुनर्लेखन

पुनर्लेखन म्हणजे चांगल्या अक्षरात उतरवून काढणं नव्हे. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, आणि पालकही त्यात सामील असतात, कारण त्यांना "फेअर" वही आवडते. दुसऱ्या खर्ड्यात तीन गोष्टी घडलेल्या दिसायला हव्यात: काहीतरी नवं आलं, काहीतरी गेलं, काहीतरी जागेवरून हललं. मुलाने डाव्या पानावर या तिन्हींची एकेक खूण दाखवायची. दाखवता आली नाही तर वही परत.

काढून टाकणं सगळ्यात जड जातं. कष्टाने लिहिलेली ओळ कशी काढायची? सुरुवातीच्या दोन ओळी झाकून तिसरीपासून वाचायला सांगा. बहुतेक लेखन तिथूनच सुरू होतं.

वेळ अगदीच नसेल तर पूर्ण लेखनाऐवजी एकच परिच्छेद पुन्हा लिहून घ्या, पण ही पायरी ओलांडू नका.

पायरी ८: वाक्यं छाटणं

शाळेत यावर फार वेळ नको. एका श्वासात वाचता न येणारं वाक्य तोडा, लागोपाठ तीन वाक्यं "आणि मग"ने सुरू होत असतील तर दोन बदला, झालं.

कार्यालयात मात्र खरी मेहनत इथेच आहे. खालचा अर्ज सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेला किंवा वाचलेला असतो:

> वरील विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या शिवारातील डीपी ही बऱ्याच दिवसांपासून नादुरुस्त असून वारंवार तोंडी सांगूनही कोणत्याही प्रकारची दखल घेण्यात आलेली नसल्याने आम्हा शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान होत असून तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.

कोणती डीपी? कधीपासून बंद? किती जणांचं नुकसान, कशाचं? कोणाला सांगितलं? नेमकं काय हवं? यातल्या एकाचंही उत्तर नाही. शिवाय "असून… नसल्याने… असून" या साखळीत वाचणारा हरवतो. तोच अर्ज, टिपणं समोर ठेवून (मागणी विषयाच्या ओळीत आधीच आलेली आहे):

> आमच्या शिवारातील डीपी (क्रमांक …) ४ एप्रिलच्या रात्री जळाली. तिच्यावर १२ शेतकऱ्यांचे १४ कृषिपंप आहेत. ५ एप्रिलला तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक … आहे. या भागातील केळी निसवलेली असून पाच दिवसांपासून पाणी बंद आहे. डीपी तातडीने बदलून द्यावी आणि ती कोणत्या तारखेपर्यंत बसेल ते लेखी कळवावे. तक्रारीची प्रत व १२ शेतकऱ्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.

छाटणीसाठी तीन खुणा शोधा. एक, "असून" आणि "सदर" मोजा. एका पत्रात एखादंच पुरे. दोन, "करण्यात आले", "घेण्यात येईल" दिसलं की "कोणी?" असा प्रश्न विचारा. शासकीय आदेशात ही रचना चालते, तिथे करणारं कार्यालय वर छापलेलंच असतं. इतर ठिकाणी तिने जबाबदारी पुसली जाते. तीन, "योग्य ती", "आवश्यक ते", "सविस्तर" या शब्दांच्या जागी ती योग्य गोष्ट प्रत्यक्ष लिहा.

नम्रपणा कमी होईल अशी शंका जुनी मंडळी काढतात. "महोदय" आणि "आपला विश्वासू" जागेवर आहेत, तेवढा मान पुरतो.

पायरी ९: शुद्धलेखन, आणि आता लाल पेन

आता वेळ आली. पण सगळ्या चुका एकदम नाही. प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या तीन चुका लिहा, त्याच्या स्वतःच्या, वर्गाच्या नाहीत. पुढच्या लेखनात त्या तीनच तपासायच्या. त्या गेल्या की पुढच्या तीन. तीस लाल गोलांतून मूल एकच गोष्ट शिकतं, की आपल्याला येत नाही.

आपल्या भागात चुका कुठून येतात हे माहीत असलं की निम्मं काम हलकं होतं. बोलीतून येणाऱ्या चुका ठरावीक आहेत. "ळ" च्या जागी "य" (डोया), "ण" च्या जागी "न" (पानी), "ला" ऐवजी "ले", "त" ऐवजी "मा". त्याहून चिवट म्हणजे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. अहिराणीत "घोडाले" म्हणतात, मूळ शब्द तसाच राहतो. प्रमाण मराठीत "घोड्याला" होतं. म्हणून "ले"चं "ला" करायला शिकलेलं मूल "घोडाला" लिहितं. त्याला नुसतं "घोड्याला" सांगून भागत नाही. घोडा-घोड्याला, वाडा-वाड्यात, आंबा-आंब्याचं अशा जोड्या तोंडी म्हणून घ्या, लिहून नंतर.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सगळे एकदम शिकवू नका. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडली. असे १८ नियम पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. रोजच्या लेखनात तीन गोष्टी सगळ्यात जास्त कामाला येतात:

- शब्दाच्या शेवटचं इ-उ दीर्घ: पाणी, विनंती, कवी, गुरू. अपवाद आणि, नि, परंतु, तथापि यांसारखी अव्ययं.
- अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, जमीन-जमिनीचा. संस्कृतातून तसेच आलेले गुण, विष यांसारखे शब्द या नियमात धरू नका.
- अनेकवचनी आणि आदरार्थी सामान्यरूपावर अनुस्वार: शेतकऱ्यांना, मुलांनी, सरांनी, तहसीलदारांकडे.

कार्यालयातल्या माणसाने आपल्या कामाचे वीस-पंचवीस शब्द बरोबर लिहून काचेखाली ठेवावेत: तहसीलदार, जमीन, कृपया, विनंती, तारखेस, मंजुरी. नियम शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

> तपासा: शुद्धलेखन बघताना मजकूर शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे वाचा. अर्थाच्या ओघात डोळा चुका ओलांडून जातो. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द वेगळा दिसतो.

कार्यालयासाठी दोन खास सराव

माहिती अधिकाराचा अर्ज हा लेखन शिकवण्याचा उत्तम नमुना आहे, मग प्रत्यक्ष अर्ज करायचा असो वा नसो. २००५ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत असावा असं बंधन आहे. दहावीच्या मुलांनाही हा सराव द्या. बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो: "आमच्या रस्त्याचे काम निकृष्ट का झाले व याला जबाबदार कोण?" हा जाब झाला, माहिती नव्हे. माहिती अधिकारी नोंदीत असलेलं देतो, कारणं तयार करून देत नाही. म्हणून कागद मागायचा: "अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदी यांच्या प्रती, कालावधी … ते …". जाब विचारायचाय तो प्रती हातात आल्यावर, वेगळ्या तक्रारीत.

दुसरा सराव इतिवृत्ताचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या नोंदवह्या उघडा. "विषय क्र. ३ वर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली" अशा ओळींनी पानंच्या पानं भरलेली असतात. सहा महिन्यांनी कशाला मंजुरी ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येक विषयाखाली चार गोष्टी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून. "पाण्याची टाकी दुरुस्त करायची. दोन दरपत्रके मुख्याध्यापक १५ जुलैपर्यंत आणतील." चर्चा लिहायची नाही, कुणी विरोध नोंदवायला सांगितला असेल तेवढा सोडून. इतिवृत्त त्याच दिवशी लिहा; दुसऱ्या दिवशी ते कल्पनेतून लिहिलं जातं.

व्हॉट्सॲप गटावरच्या सूचनेलाही हेच लागू. "उद्या मीटिंग आहे, सर्वांनी वेळेवर यावे" यावर अकरा जण "किती वाजता?" विचारतात, आणि तो "उद्या" कोणता हे रात्री उशिरा वाचणाऱ्याला कळत नाही. वार, तारीख, वेळ, जागा, सोबत काय आणायचं.

पायरी १०: साचा, टंकलेखन, पोच

साच्यावर फार वेळ घालवू नका. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, सोबत, सही, दिनांक. एक नमुना भिंतीवर लावला की झालं. शाळेत पत्राचा जो साचा शिकवला तोच प्रत्येक कार्यालयात चालेल असं नाही, हे मात्र मुलांना सांगून ठेवा. ज्या कार्यालयात पत्र जायचं तिथे विहित नमुना असेल तर तोच घ्या; माहिती अधिकारासाठी जोडपत्र अ आहे, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

संगणकावर मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांचं होतं आणि मोबाईलवर तर उघडूनही उपयोग नसतो. पाठवण्याआधी पीडीएफ करून ती स्वतःच्या मोबाईलवर एकदा उघडून बघा. जोडाक्षरं फुटलेली असतील तर तिथेच दिसतात.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्क्याचा लगेच फोटो काढा. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हटलं तरी आवक-जावक विभागात पोच मिळते, तीच घ्या. पुढचं स्मरणपत्र लिहायची वेळ आली की "वारंवार सांगूनही" लिहावं लागत नाही. संदर्भाच्या ओळीत तो आवक क्रमांक आणि ती तारीख टाकायची.